इस्त्री तापली की कळ

देवळीच्या अश्विनच्या छातीत कळ यायची, पण मुहूर्त पाहून. बायकोनं, जागृतीनं, माहेरी जायचं नाव काढलं की कळ. मैत्रिणीच्या लग्नाला निघाली की कळ. सेवाग्रामला नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं दोनदा आलं, तेव्हा तर बापा, अशी जोरदार आली की बिचारी दोन्ही वेळा बसस्टँडवरून परत फिरली. डॉक्टर म्हणे, गडी ठणठणीत आहे. अश्विन म्हणे, "डॉक्टरले काय समजते! तूच टेन्शन देतं मले." अन् जागृतीला ते खरं वाटायचं हो! दोन्ही वेळा माफी तिनंच मागितली.

आज तिसरं अन् शेवटचं बोलावणं. सकाळी तिनं साडीवर इस्त्री फिरवायला घेतली, तसा अश्विन दिवाणावर आडवा. "अगाई गं! गेलो मी!"

तेवढ्यात लाइट गेली. इस्त्री थंड पडली. अश्विन उठला, तर्री-पोह्याची प्लेट ओढली अन् वरून हिरवी मिरची मागितली.

लाइट आली. इस्त्रीचा दिवा लागला, अन् घास तोंडात तसाच धरून गडी पुन्हा आडवा.

जागृती पाहतच राहिली. तिनं हळूच बटण बंद केलं. अश्विन उठून बसला. चालू केलं, आडवा. बंद केलं, बसला. चौथ्या खेपेला तिला हसू फुटलं, अन् हसता हसता डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण बिनगुन्ह्याची सजा भोगली! संतापानं तिचे कान तापले.

दारातून तिची सासू तानाबाई सारा तमाशा पाहत होती. "काऊन हसून राह्यली वो? याच्या बापालेही अशीच कळ ये. त्याच्यापायी मी अंगणवाडीची नोकरी सोडली. मंग तीस वर्षं जगला बाबा, धडधाकट! नीघ, बस चुकन तुही."

"माय!" अश्विन ओरडला. मग जागृतीकडे वळून कण्हला, "अन् मी मेलो त?"

जागृतीचे पाय जागीच थबकले. सवयच तशी लागलेली. माफीचा शब्द अगदी ओठावर आला होता. तिनं तो गिळला, अर्धवट इस्त्रीची साडी तशीच नेसली अन् पर्स खांद्याला अडकवली.

"चारच्या बसनं येतो मी," ती म्हणाली. "तवर दम धरा."