उरलेला आवाज

बाईंनी हजेरी घेतली नाही. पर्स खुर्चीला अडकवली, खडू उचलला आणि फळ्यावर इंग्रजीत एकच ओळ लिहिली : आज मी थोडेच बोलणार आहे, तेव्हा शांत बसा.

दहावी 'ब'ने ती ओळ वाचली आणि वर्ग चिडीचूप झाला. ही काहीतरी नवी शिक्षा असणार, असेच सगळ्यांना वाटले. बाई महिनाभर रजेवर होत्या, एवढेच मुलांना ठाऊक होते.

मग बाई वळल्या आणि म्हणाल्या, "माझं गळ्याचं ऑपरेशन झालं. आता आवाज एवढाच."

तो आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे गेलाच नाही. रिकाम्या पोत्यावरून हात फिरवावा तसा तो खरखरला आणि तिथेच विरला. मागच्या मुलांनी पुढच्यांना विचारले, पुढच्यांनी मागे वळून सांगितले, आणि सांगता सांगता वर्गात गलका झाला.

इंग्रजीच्या या बाईंचा आवाज म्हणजे शाळेचे एक प्रस्थ होते. मुलांनी त्यांना 'भोंगा' नाव ठेवले होते. ते बाईंच्या कानावर आले तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट, "भोंगा वाजला रे, बसा आता," असे त्याच म्हणू लागल्या, आणि चिडवण्यातली सगळी मजा गेली. त्यांचा गोष्टीचा तास तर बघण्यासारखा असे. फळ्यावर मुद्दे लिहायचे : म्हातारा, हरवलेला कुत्रा, गरीब मुलगी, बक्षीस. आणि मग गोष्ट नुसती सांगायची नाही, करायची. म्हाताऱ्याचा खोकला, मुलीचे मुसमुसणे, सगळे बाईच. कुत्रा तर असा भुंके की पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन म्हणत, "बाई, तुमचा कुत्रा जरा बांधून ठेवा. माझे त्रिकोण घाबरून पळतायत."

तीस वर्षे हे चालले. मग आवाज बसू लागला. मध झाला, गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिले आणि स्वरतंतूवर गाठ दाखवली. गाठ साधी निघाली, जीव भांड्यात पडला. पण ती काढताना आवाजाचा बराचसा भाग तिच्याबरोबर गेला. जो उरलाय तो जपून वापरा, ओरडायचं तर नाहीच, पण कुजबुजूही नका, त्यानं ताण जास्त पडतो, असे डॉक्टरांनी बजावले होते.

त्या पहिल्या तासाला जे व्हायचे तेच झाले. बाईंनी डस्टर आपटले, टाळ्या वाजवल्या, एकदा आवाज चढवायला गेल्या आणि ठसका लागून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. पलीकडून गणिताचे सर आले. त्यांनी दारातूनच एक हाक घातली आणि वर्ग गप्प झाला. सर बाईंकडे न पाहता परत गेले. त्यांनी न पाहिल्याचे बाईंना जास्त लागले.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली आणि मग हळूच विषय काढला. ग्रंथालयाची जागा रिकामी होती. काम बसून करायचे, घशाला आराम. दहावीचे वर्ष, पालकांचे फोन येऊ लागलेले. बाईंनी एक तास मागितला. गुरुवारी गोष्टलेखनाचा तास होता. तुम्ही मागे येऊन बसा, नाही जमलं तर मी आपण होऊन ग्रंथालयात जाईन, असे त्या म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली.

पण गुरुवारी करायचे काय, हे बाईंनाही ठाऊक नव्हते.

घरी तर वेगळीच तऱ्हा. यजमानांनी उभा जन्म मागांच्या खडखडाटात काढला होता. ते कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करत, आणि निवृत्त होताना कान गिरणीतच ठेवून आले होते. ऐकायचे यंत्र आणले होते, पण ते कानात शिट्ट्या मारी म्हणून कपाटात पडलेले. त्यांचे कधी अडले नाही, कारण बायकोचे बोलणे त्यांना लख्ख ऐकू येई. लेक माहेरी आली की म्हणायची, तुमचं भांडण नसतं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. रोज संध्याकाळी बाई पदर खोचून भाजी चिरत आणि शाळेत काय काय घडले ते सांगत. यजमान समोर बसून शेंगा सोलत आणि ऐकत. जगातला एवढाच एक आवाज त्यांच्यासाठी उरला होता.

आता बाई म्हणाल्या, "मीठ कमी झालंय."

"पीठ? उद्या आणतो दळून," यजमान म्हणाले.

पहिल्यांदा दोघे हसले. मग पुन्हापुन्हा तेच होऊ लागले तेव्हा हसू आटले. बाई हातवाऱ्यांवर आल्या. पाणी, भाजी, झोप एवढे हातवाऱ्यांनी भागते. पण गोली नावाचा मुलगा काय म्हणाला, मुख्याध्यापकांचा चहा कसा पाणचट होता, हे हातांनी सांगता येत नाही. बाईंनी सांगणेच सोडले. यजमान समोर बसत, शेंगा सोलत, आणि अधूनमधून वर बघत.

बुधवारी बाईंनी वर्गात मुद्दे लिहिले आणि खुणेने सांगितले, लिहा. कोणी लिहीना. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. पहिल्या बाकावरची लांब वेण्यांची मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, चाचरत उभी राहिली.

"बाई, पण तुम्ही अजून सांगितलीच नाहीत."

बाईंनी फळ्याकडे बोट दाखवले. मुद्दे आहेत की.

"हो, पण गोष्ट तुम्ही सांगता ना. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही काय लिहिणार?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो, अशा सुरात ती म्हणाली होती. बाई खाली बसल्या. इतक्या वर्षांत तपासलेल्या वह्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. साऱ्या वर्गाच्या वहीत तोच खोकणारा म्हातारा, तसाच शेपूट हलवणारा कुत्रा. आपल्या मुलांना गोष्ट चांगली लिहिता येते, असे बाई सगळीकडे अभिमानाने सांगत. मुलांनी गोष्ट कधी लिहिलीच नव्हती. त्यांनी बाईंना उतरवून घेतले होते.

गुरुवारी मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाईंनी मुद्दे लिहिले नाहीत. एकच वाक्य लिहिले : तिने दार उघडले, पण बाहेर कोणी नव्हते. मग खडू वेण्यांच्या मुलीपुढे धरला.

"ती म्हणजे कोण, बाई?"

बाईंनी खांदे उडवले. मुलगी अवघडली. तिला बरोबर उत्तर हवे होते आणि इथे ते कुणाजवळच नव्हते. शेवटी तिने लिहिले, ती म्हणजे एक आई होती. खडू पुढे गेला. कोणीतरी भूत आणले, कोणीतरी वीज घालवली. गोली उठला. हा शाळेच्या फुटबॉल संघात गोल राखायचा आणि इंग्रजीत मात्र सगळे सोडून द्यायचा. त्याने लिहिले, दाराबाहेर बूट होते पण पाय नव्हता. तेही 'फुट'च्या जागी 'लेग' घालून. वर्गात हशा फुटला. बाईंचा हात सवयीने डस्टरकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

"कोणाचे बूट?" त्यांनी विचारले.

आवाज तिसऱ्या बाकापर्यंतच गेला. पण आता मागची पोरे पुढे वाकली होती. श्श, बाई बोलतायत, असे कोणीतरी म्हणाले.

"तिच्या नवऱ्याचे," गोली म्हणाला.

"तो कुठंय?"

"गेला, बाई. पण बूट राहिले."

तो मरून गेला की सोडून गेला, हे कोणी विचारले नाही. वर्गाला भुताचा विसर पडला. आता मुले हात वर करू लागली. ती बूट रोज पुसते, एकाने लिहिले. शेजारीण म्हणते टाकून दे, दुसऱ्याने लिहिले. खिडकीजवळची एक मुलगी, जी वर्षभरात आपण होऊन कधी उठली नव्हती, ती उठली. तिने खाली मान घालून लिहिले, आभाळ आले की ती बूट आत घेते. क्रियापदाला 'एस' लावायचा राहिला होता. बाईंनी तो बारीकसा लावला आणि बाजूला झाल्या.

मग वेण्यांच्या मुलीने, जिला पेपराची काळजी होती, विचारले, "बाई, याचं तात्पर्य काय लिहायचं?"

बाईंनी खडू पुन्हा तिच्यापुढे धरला. घंटा झाली.

मुख्याध्यापकांनी नंतर खोलीत बोलावले. ते चष्मा पुसत राहिले. "बाई, तास छान झाला," ते म्हणाले, "माझ्या लक्षात राहील. पण तात्पर्याला पेपरात एक मार्क असतो. आणि अख्ख्या तासात एकच गोष्ट, तीही अर्धी. दहावीला हे परवडायचं नाही हो."

दहावी दुसऱ्या बाईंकडे गेली. पण ग्रंथालयाचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. आठवी-नववीचे परिच्छेदलेखन आणि गोष्टलेखन तुम्ही घ्या, तुमच्या पद्धतीनं घ्या, असे ते म्हणाले. बाईंनी एकच अट घातली : 'ब'ने सुरू केलेली गोष्ट 'ब'लाच पुरी करू द्या, माझ्यासमोर. साहेब हो म्हणाले.

बाहेर गणिताचे सर भेटले. बराच वेळ हातातली पट्टी चाळवत उभे राहिले. "पलीकडे फार शांत वाटतं हो," ते म्हणाले. "माझं लक्ष लागत नाही." बाईंनी हसून मान हलवली आणि जिन्याकडे वळल्या. जिना उतरताना मात्र त्यांनी वर्षे मोजली. दहावी त्यांच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा लेक पाळण्यात होती.

घरी यजमान खिडकीशी बसले होते. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"दहावी गेली."

"आं?"

बाईंनी पुन्हा सांगितले. मग हाताने 'जाऊ दे' अशी खूण केली आणि आत निघाल्या.

"थांब," यजमान म्हणाले.

ते उठले. त्यांनी पंखा बंद केला. रस्त्याकडची खिडकी लावली, दाराला कडी घातली. आत जाऊन फ्रीजही बंद करून आले. मग आपली खुर्ची ओढत बाईंच्या खुर्चीला भिडवली आणि बरा असलेला उजवा कान त्यांच्या तोंडापाशी आणून बसले.

"आता सांग. सावकाश. पहिल्यापासून."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. साहेबांच्या खोलीपासून नाही, गोलीच्या बुटांपासून. खोली तापत चालली होती. यजमानांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ कानामागे उतरत होता. त्यांनी तो पुसला नाही. हात हलवला तर एखादा शब्द निसटेल, म्हणून ते तसेच बसून राहिले.