लाटण्याचं जिनिंग

पुलगावच्या शाळेत ‘देशाचे मोठे उद्योग’ या विषयावर प्रदर्शन होतं. कोणी साखर कारखाना मांडला होता, कोणी पोलाद, कोणी काड्यापेट्यांचा सिमेंट प्लँट. चौथीतल्या रीताचं कापसातून सरकी काढायचं जिनिंग मात्र खरोखर चालणारं! लाटणं, त्याला खेटून लोखंडी सळई, फिरवायला दांडा. कापूस घातला की रुई पलीकडे, सरकी अलीकडे. घरी आठवडाभर झकास चाललं होतं. तरी तिची आई आचल सकाळपासून स्क्रूच आवळत होती. ऐनवेळी काही झालं तर पोरगी रडून गोंधळ घालेल, ही धास्ती.

आजी सुमित्राबाई रोहण्याहून कापसाची पिशवी घेऊन आत्ताच पोचल्या. परीक्षक मॅडम दोन टेबलं अलीकडे. रीताने कापूस घालून दांडा फिरवला, तर कापूस लाटण्याला गुंडाळूनच बसला.

"मम्मी, हे काऊन अडकून राह्यलं?"

आचलने कापूस चिमटीत धरला. गार, ओलसर. "आई, हा घरातला सुका नाही?" तिने सासूबाईंना विचारलं.

"घरातला जुना काऊन आणू? आज सीतादही केली. कपाशीले दहीभात वाहिला अन् पयल्या वेचणीचा मान नातीच्या मशीनले देल्ला!"

म्हणजे पहाटेच्या दवातला! रागवावं की पाया पडावं, आचलला कळेना. तेवढ्यात फाटकाशी सासऱ्यांचा ट्रॅक्टर दिसला. पिशवी उचलून ती धावत सुटली.

"बाबा, बोनेट तापलंय ना?"

"पापड भाजतीन!" ताराचंदजी हसले.

तिने बोनेटवर कापूस पसरला, उलटला, वाळताच पिंजला. आतून सुमित्राबाईंची हाक आली, "सूनबाई, बाई आल्या नं!"

आचल धापा टाकत परतली. रीताने दांडा धरला. लाटणं करकरलं, आणि टप, टप, टप... सरकी! पलीकडून पांढरीशुभ्र रुई.

"निघाली! मम्मी, निघाली!"

"यावर देश चालतो?" मॅडमनी विचारलं.

"तुमची साडी इथूनच सुरू होते, मॅडम," रीता म्हणाली. "सरकीचं तेल निघते. उरलेली ढेप गाय खाते, म्हणजे डेअरी बी आमचीच!"

सगळे खो खो हसले. मॅडमनी बाह्या सरसावल्या. "मी फिरवू?"

"फिरवा. पण बोटं आत नका घालजा."

बघता बघता मागे रांग लागली. सिमेंटवाला पोरगाही आपलं टेबल सोडून आला. आणि आचल, एरवी चारचौघांत आवाज न चढवणारी, मोठ्याने ओरडत होती, "या, या! कापूस भरपूर आहे!"