परत आणलेला प्रसाद

दर रविवारी प्लंबर ब्रशनं नखं घासायचा, कारण चर्चमधली मिस्सा संपली की फादर त्याच्या हाती एक छोटी सोनेरी डबी द्यायचे. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यायचं काम त्याच्याकडे होतं. म्हातारे चेष्टा करायचे, "नळही तूच उघडतोस आणि स्वर्गही!"

एका रविवारी फादर म्हणाले, "आज एक घर वाढलंय. तुझा थोरला भाऊ. तूच यावंस, असा निरोप आहे."

भावाभावांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या लग्नात थोरल्यानं चारचौघांत प्लंबरच्या बायकोचा पाणउतारा केला होता. ती बिचारी माफ करून केव्हाच देवाघरी गेली. यानं मात्र राग जपून ठेवला होता.

"दुसऱ्या कुणाला पाठवता का, फादर?"

"पाठवीन. जबरदस्ती नाही."

"असू दे. जातो."

चार घरं झाली. थोरल्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो थबकला. उघड्या खिडकीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. तो मागे वळला. डबी परत देताना म्हणाला, "झोपला होता."

गुरुवारी थोरला गेला.

मर्तिकानंतर वहिनीच म्हणाली, "भाऊजी, रविवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते हो. दुपारपर्यंत पाठ टेकली नाही. बुधवारी फादर आले, तर त्यांना म्हणाले, धाकटा कामात अडकला असेल, येईल या रविवारी. प्रसाद त्याच्याच हातून घेईन."

शनिवारी तो पापनिवेदनाला गुडघे टेकून बसला.

"सैतानानं बुद्धी फिरवली असं म्हणावंसं वाटतं, फादर. पण माझा हात कुणीच धरला नव्हता. जायचं नाही, हे मीच ठरवलं. वर खोटंही बोललो."

फादरांनी पापमुक्ती दिली आणि म्हणाले, "वहिनीला खरं सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."

तो तसाच तिच्याकडे गेला. ती थोरल्याचे कपडे घड्या करून पेटीत भरत होती.

"वहिनी, मी कामात नव्हतो. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. त्याचा खोकला ऐकला आणि परत फिरलो."

तिचे हात थांबले. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"पन्नास पावलं तर होती," ती म्हणाली. "यायचं होतं की, भाऊजी."