माझ्या पोटातलं भोक

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात, गळा दाटून सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. ते मला जमणार नाही. माझ्या पोटाला मधोमध भोक पाडलेलं आहे. ते कुणी पाडलं आणि कशासाठी, हे ऐकलंत तर तुम्हालाही राग येईल. यावाच, असं मला वाटतं.

माझा जन्म खोपोलीजवळ साजगावातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. कोंडीराम तिथे वाळूचे साचे करायचे. एकदा काम उरकल्यावर भट्टीतलं थोडं बीड उरलं. मुकादमाला विचारून कोंडीरामांनी त्याचा घरासाठी तवा करायचं ठरवलं. पण नमुन्याला तवा कुठून आणायचा? त्यांनी जेवणाचा डबा म्हणून आणलेला बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा घेतला, त्याच्या बुडावरून आतबाहेर वाळू ठोकून साचा केला आणि लालभडक रस त्यात सोडला. म्हणून मी चारचौघा तव्यांसारखा झालो नाही. माझं बूड सपाट, कडा उभ्या आणि एका बाजूला आखूड दांडा.

कोंडीरामांच्या बायकोने, गंगाबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आवो, ह्याच्यात भाकर उलथायची कशी? कडेला बोटं भाजतील की माजी!"

"भाकर नगं टाकू. पाला शिजव."

"मंग ह्यो तवा हाय का टोप?"

"तुजा हाय. येवढं पुरं नाय का?" कोंडीराम म्हणाले.

त्या हसल्या. मग त्यांनी मला चुलीवर तापवलं, तेलाचा बोळा फिरवला, पुन्हा तापवलं. असं करता करता माझ्यावर काळा, तुकतुकीत थर चढला. त्या थराला लोक मळ समजतात. मळ नव्हे तो! ती माझी कातडी आहे. ती असली की माझ्यावर काही चिकटत नाही आणि मला गंज चढत नाही. गंगाबाईंनी मला कधी साबण लावला नाही, कधी तारेच्या घासणीने खरवडलं नाही. गरम पाण्याने धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, बस्स.

शिळफाट्याच्या बाजारात भाजीवाले मुळ्याचा पाला तोडून बाजूला टाकत. फ्लॉवरची बाहेरची जाड पानंही टाकत. गंगाबाई ती मागून आणायच्या. पावसाळ्यात माळावरचा टाकळा आणि कुर्डू असायचा. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर सुकट, वरून चिरलेला पाला, झाकण आणि मंद आच. दुपारभर रटरटून जाड पानंसुद्धा लोण्यासारखी मऊ व्हायची. तळाशी हिरवा, खारट रस उरायचा. त्यात भाकरी बुडवली की कोंडीराम बोलायचे बंद होत आणि नुसती मान हलवत. श्रावणात मोठ्या काकडीची, केकसारखी भाजलेली गोड तवसळी मी करायचो. खाली निखारे, पत्र्याच्या झाकणावरही निखारे, आणि मधे मी. बुद्धविहारातल्या जेवणालाही मला मागून न्यायचे.

एकदा कारखान्यातल्या साहेबांची बायको घरी आली होती. पाला बघून तिने नाक मुरडलं. "अगंबाई, हा तर गुरांचा चारा!" चारा म्हणाली आणि दोनदा मागून घेऊन जेवली. गंगाबाईंनी दोन्ही वेळा वाढलं. माझा मात्र तेव्हापासूनचा राग आहे.

पुढे कोंडीराम गेले. घरात गॅस आला आणि त्यांच्या मुलाने, रुपेशने, नॉनस्टिकचा तवा आणला. काय त्याचे लाड! त्याला लाकडी उलथनंच हवं, त्याला जोरात घासायचं नाही, त्याला तापवून रिकामं ठेवायचं नाही. मी मोरीखाली गेलो, फिनाईलच्या बाटलीशेजारी. माझ्या कातडीवर गंजाचे ठिपके आले. गंगाबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे वाकून मला बाहेर काढणं त्यांना जमत नव्हतं. तरी मोरीवर आल्या की त्या पायाने मला हळूच आत सरकवायच्या, पाणी लागू नये म्हणून. एवढी काळजी मला पुरत होती.

रुपेश कर्जतच्या बाजूला, पाहुण्यांना भाड्याने देतात अशा एका मोठ्या फार्महाऊसची देखभाल करतो. तिथल्या मॅडमना जेवणाचा हॉल गावरान दिसायला हवा होता. भिंतीवर सूप, जुनी कुऱ्हाड, कंदील. "रुपेश, तुमच्याकडे घरात असं काही पडलंय का?" त्यांनी विचारलं. पडलंय! गंगाबाई मोहोपाड्याला बहिणीकडे गेल्या होत्या. रुपेशने कुणाला न विचारता मला पिशवीत घातलं.

तिथल्या कामगारांनी मला तारेच्या ब्रशने घासलं. वर्षानुवर्षं चढलेली कातडी एका सकाळीत खरवडून काढली. चमक यावी म्हणून वार्निश फासलं. मग रुपेशनेच ड्रिल आणलं. दांड्याला दोरी बांधूनही मला टांगता आलं असतं, पण मॅडमना मी भिंतीला सपाट चिकटलेला हवा होता. म्हणून त्याने माझ्या पोटात भोक पाडून त्यातून जाड स्क्रू पिळला. भांड्याच्या बुडाला भोक पाडायचं हे ज्याला सुचतं, त्याने आयुष्यात कधी रस्सा केला असेल का?

रुपेश माझ्याखाली उभा राहून फोटो काढत होता. त्याला खरंच अभिमान वाटत होता. मला मागाहून कळलं, घरी जाऊन तो आईला म्हणाला, "आई, तुजा तवा मॅडमच्या हॉलमधी लावलाय. मोठीमोठी मानसं बगत्यात. मान हाय त्याचा!" गंगाबाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या याचा अर्थ त्यांना आनंद झाला, असं त्याने ठरवून टाकलं.

भिंतीवरून मला काय काय बघावं लागलं! माझ्याच खाली बसून मुंबईची माणसं रानभाजी थाळी मागवायची. त्यात काय, तर टाकळा आणि कुर्डू! वाटीत चार चमचे. "किती ऑथेंटिक!" म्हणत त्याचे फोटो काढायचे. आमच्या घरात शिजत होता तेव्हा चारा, आणि इथे ऑथेंटिक. हा तवा कुणाचा, असं मात्र कुणी विचारलं नाही.

विचारलं ते दर्शनाने. दर्शना ही रुपेशची मुलगी. ती पर्यटकांच्या एका मोठ्या जहाजावर स्वयंपाकी आहे. हेही मी मागाहूनच ऐकलं: सुट्टीवर घरी येताच तिने पिशवीतून मक्याचं पीठ काढलं आणि मोरीखाली वाकून बघितलं.

"पप्पा, आजीचा तवा कुठंय?"

रुपेशने मोठ्या कौतुकाने फोन पुढे केला. तिने फोटो बोटांनी मोठा केला. माझ्या पोटातल्या स्क्रूचं डोकं तिला दिसलं.

"पप्पा, ह्याला भोक पाडलंय?"

"टांगाया नको का?"

"आजीला विचारलं होतं?"

रुपेशने फोन परत घ्यायला हात पुढे केला. गंगाबाईंनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि उठून पायांत चपला घातल्या. "चल गं," त्या दर्शनाला म्हणाल्या.

गुडघे दुखत असताना त्या फार्महाऊसच्या सगळ्या पायऱ्या चढून हॉलमध्ये आल्या. मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आजी, तुम्हाला मी नवीन तवा देते ना. हा काढला तर भिंतीचा सगळा सेट बिघडेल."

"तुमचा सेट बिगडंल. माजं घर बिगडलंय," गंगाबाई म्हणाल्या. "रुपेश, खाली काड."

रुपेश मागून आला होता, मान खाली घालून. त्याने मॅडमकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खुर्चीवर चढून स्क्रू काढला. गंगाबाईंनी मला पोटाशी धरलं. भोकात बोट घालून त्या म्हणाल्या, "तुज्या बानं हातानं केला हुता रं ह्यो. येवढं पाडायच्या आदी मला का नाय इचारलंस?"

"मला वाटलं, मान हुईल त्याचा..." रुपेश पुटपुटला.

"मान चुलीवर आसतो भांड्याचा," त्या म्हणाल्या.

घरामागे विटांची चूल मांडली. आधी मला रिकामाच तापवून वार्निश जाळलं. काय तो घाणेरडा धूर! मग घासून पुन्हा तेल, पुन्हा आच. काही दिवसांनी थोडी कातडी धरली. मग दर्शनाने मक्याच्या पिठात ताक, अंडी आणि सोडा घालून दाटसर पीठ कालवलं. जहाजावर तिच्यासोबत अमेरिकेच्या दक्षिण भागातली एक काळी आचारीण होती. तिच्याकडे तिच्या आजीचा बिडाचा तवा होता, सपाट बुडाचा, उभ्या कडांचा, अगदी माझ्यासारखा. त्यात ती मक्याची जाड भाकर भाजायची आणि सोबत हिरवा पाला शिजवायची, तासन्‌तास, खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून.

"त्यांच्यातबी पाला खात्यात?" गंगाबाईंनी विचारलं.

"खातात ना. तिच्या खापरपणज्या गुलाम होत्या, आजी. चांगलंचुंगलं मालक ठेवून घ्यायचा. ह्यांच्या वाट्याला पाला आणि मक्याचं पीठ. त्याच्यातून त्यांनी असं जेवण केलं की आज सगळे मागून खातात. पाल्याच्या पाण्यात ते भाकर बुडवतात, आपल्यासारखीच."

गंगाबाईंनी विस्तवात एक लाकूड पुढे सारलं. "मंग ती आपलीच की गं," त्या म्हणाल्या.

घरात ओव्हन नव्हता, म्हणून दर्शनाला वरची आच कशी द्यायची ते सुचेना. गंगाबाईंना तवसळी आठवली. त्यांनी कणकेचा घट्ट गोळा करून माझ्या भोकात आतून-बाहेरून दाबला, तेल कडकडीत तापवलं, पीठ ओतलं, ते चर्र करून कडेने फुललं, मग झाकण आणि झाकणावर निखारे. उघडलं तेव्हा वरून पिवळीधमक, खालून खरपूस भाकर अलगद सुटली. मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही.

पण मित्रांनो, पाला माझ्यात शिजला नाही. कणकेचा गोळा दाट पीठ धरून ठेवतो. दुपारभर रटरटणारा पातळ रस त्याला पेलवत नाही. गंगाबाईंनी एकदा करून बघितलं. गोळा भिजून सुटला, हिरवा रस विस्तवात पडला आणि चूल विझली. तेव्हापासून पाला ॲल्युमिनियमच्या टोपात शिजतो आणि मी शेजारी बसून त्याचा वास घेतो. जेवताना गंगाबाई म्हणतात, "बरा झालाय." पूर्वी त्या असं म्हणायच्या नाहीत, नुसत्या बोटं चाटायच्या.

तुमच्या घरातही मोरीखाली, माळ्यावर कुणी माझ्यासारखा असेल. त्याला वापरा, तेलाचं बोट लावा. वापरायचा नसेल तर निदान असू द्या. पण त्याला शोभेची वस्तू करण्याआधी ज्या हातांनी त्यात अन्न शिजवलं, त्यांना एकदा विचारा. भोक पाडायला क्षणभर लागतं, आणि ते बुजवणारा कारागीर अजून मला भेटलेला नाही.

आता दर रविवारी आमच्याकडे मक्याची भाकर होते. कणकेचा गोळा दर वेळी रुपेशनेच लावायचा, असं गंगाबाईंनी सांगून ठेवलं आहे. तो खाली बसतो, भोकात बोट फिरवून बघतो आणि गोळा दाबतो. गंगाबाई शेजारी उभ्या राहून बघतात. माझा राग अजून गेलेला नाही, पण तेवढा वेळ मी गप्प बसतो.