फेतूची कबर

"तुला कुठनं आणलं गं?" बजाजनगरच्या शाळेत पोरी रूपालीला विचारायच्या. तिचा तोंडावळा घरात कुणाशीच जुळत नव्हता. आई सामोआ बेटांवरची, तू दीड वर्षाची असताना तापानं गेली, एवढंच वडील सांगत. ते, धम्मपाल, तरुणपणी जहाजावर फिटर होते, पुढं वाळूजच्या कारखान्यात लागले.

गेल्या वर्षी वडिलांच्या पेटीत रूपालीला स्वतःचा जन्मदाखला सापडला. नाव फेतू, आईचं लूपे, गाव सामोआतल्या सावाई बेटावरचं. तिनं तिथल्या चर्चला ईमेल केला. आईच्या बहिणीचं, मालियाचं, एका ओळीचं उत्तर आलं: 'तू कोण आहेस ते इथं येऊन सांग.'

नर्सच्या नोकरीतून महिन्याची रजा काढून रूपाली निघाली. तीन विमानं, मग बोट. धक्क्यावर मालियानं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि तिला घरी नेलं.

त्या गावात मेलेल्यांना अंगणातच पुरतात. मालियाच्या अंगणात दोन कबरी होत्या. मोठी लूपेची, अवघ्या दीड वर्षापूर्वीची. शेजारी हातभर लांबीची, चुन्यानं रंगवलेली. तिच्यावर फेतू हे नाव आणि रूपालीची जन्मतारीख होती.

"भारतातल्या आजीला दाखवून दोन महिन्यांत आणतो म्हणून तुझ्या बापानं तुला नेलं," मालिया मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मग पत्र आलं, पोर तापानं गेली. आत तुझं झबलं आहे. लूपे रोज फुलं ठेवायची."

रात्री मावशीनं सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. रूपाली मागोमाग म्हणू लागली, पण जीभ वळेना. मावसभावंडं हसली.

रूपाली निघाली तेव्हा मालियानं विचारलं, "लहान कबर फोडून टाकू?"

"नको. आईनं बांधलीय ती."

घरी आल्यावर तिनं बॅगही खाली ठेवली नाही. "अण्णा, मी मेले असं का कळवलंत?"

धम्मपाल खाली बघत म्हणाले, "तुझी आई तुला न्यायला निघाली व्हती. मला तू पायजे व्हतीस."

"आणि मला कोण पाहिजे होतं?"

"तुला काय कळत व्हतं तवा? लई लहान व्हतीस."

त्याच आठवड्यात रूपालीनं दुसरीकडं खोली घेतली. दर रविवारी ती येते, वडिलांचा बीपी तपासते, गोळ्या लावून ठेवते.

"च्या तरी घे," ते म्हणतात.

ती चपला घालून जिना उतरते.