आधी खोली, मग स्पीकर

“मिस्त्री, दार लावून घ्या,” ठेकेदार म्हणाला. मी लावलं आणि बाहेरचा सगळा रस्ता गप्प झाला.

काम माझंच होतं, त्यामुळे छाती जरा फुगली. धंद्यात मला कानसेन म्हणतात, थोडं कौतुकानं, थोडं टवाळीनं. लोक भारीतला अँप्लिफायर घेतात, मनगटाएवढी जाड वायर घेतात आणि स्पीकर नेऊन कपाटावर ठेवतात. मग आवाज घुमतो म्हणून माझ्या नावानं शंख करतात. तीस वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, आधी खोली बघा, मग स्पीकर, बाकीचं सगळं नंतर. ऐकणारा हा ठेकेदार पहिलाच भेटला; त्याला स्वतःच्या घरात गाणी ऐकायची खोली करून हवी होती. त्याची एकच अट होती, आवाज बाहेर जाता कामा नये, शेजारी कटकट करतात. मी भिंतींना आतून दुसरी भिंत लावली, मध्ये लोकर कोंबली, दाराला रबर बसवलं आणि व्हरांड्यावरची खिडकी जाड फळीनं बुजवून टाकली.

काम झालं की आठ दिवस स्पीकर वाजू द्यायचे आणि मग येऊन त्यांची जागा पक्की करायची, अशी माझी पद्धत. त्यासाठीच आलो होतो. ठेकेदार फोनवर बोलत बाहेर गेला. मी एक स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढत होतो, तेवढ्यात त्याची बायको आत आली. डावा डोळा सुजून मिटला होता, गळ्यावर बोटांचे वळ होते. मी नजर चोरली. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये, असंच मला वाटत आलंय.

“भाऊ, काम छान झालंय तुमचं,” ती म्हणाली. “आधी मी ओरडले की समोरच्या काकू येऊन दार बडवायच्या. मग ते थांबायचे. आता ते मला ह्या खोलीत ओढून आणतात, काकूंना ऐकूच जात नाही. पुढच्या खेपेला मी काही वाचत नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांची अक्कल पणाला लावून मी हे करून ठेवलं होतं.

ठेकेदार परत आला. साहेब, आवाज दबतोय, खिडकीची फळी काढावी लागेल, असं मी सांगून पाहिलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. दार लावलं, गाणं लावलं, आवाज पूर्ण चढवला. मग तिचे केस धरून तिचं तोंड स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटलं, एकदा, दोनदा. दात तुटलेला मला त्या गोंगाटातही ऐकू आला.

“ह्याला सांगितलंस? ह्याला?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

मी मध्ये पडलो तर पोटात लाथ बसली. त्याच्याशी झोंबायचं माझं वय नव्हतं. पिशवीतला हातोडा काढला. खरं सांगतो, पहिला विचार त्याच्या टाळक्याचाच आला. पण तो तिच्यावर ओणवा होता, नेम चुकला असता तर तीच गेली असती. मी वळलो आणि फळीवर घाव घालत सुटलो. फळी फुटली, लोकर बाहेर आली, मागची काच खळकन गेली. तेवढ्यात त्यानं स्पीकरचा लोखंडी स्टँड माझ्या कानशिलावर हाणला.

मी कोसळलो. रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं. दुसरा फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. गाणं थांबलं असं मला वाटलं, पण अँप्लिफायरचा दिवा पेटलेलाच होता. माझेच कान बंद झाले होते.

ती रांगत खिडकीपाशी गेली. गज धरून उभी राहिली. तोंड रक्तानं भरलेलं, मान मागे टाकलेली, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. किती जोरात ओरडली, कशी ओरडली, मला सांगता येणार नाही. मी फक्त गजांमधून समोरच्या काकूंचं दार उघडताना पाहिलं.