मनगटावरून तोंडात

मी एक जुनी कातडी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पन्नास वर्षं मी एका लिलाववाल्याच्या मनगटाजवळ, घड्याळाच्या पट्ट्याखाली सुखाने नांदले. मग माझ्या या मालकांच्या जिभेला कर्करोग झाला. डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली आणि तिच्या जागी मला शिवून टाकलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तोंडात गेल्यावर लक्षात आलं, की मला काहीच येत नाही. चव कळेना, हलता येईना. वर मनगटावरचे दोन-चार केस तसेच सोबत आलेले. शेजारची उरलेली अर्धी जीभ मला ओढून ओढून मेटाकुटीला आली. साधं पाणी प्यायलं तरी ठसका लागे. ज्यांनी आवाज चढवला की भरला बाजार गप्प व्हायचा, ते मालक घरात मुके बसू लागले. मला फार वाईट वाटायचं.

गिळायला-बोलायला शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. "हनुवटी छातीला टेकवा, गिळा, खोका, पुन्हा गिळा. मगच बोला." मालकांच्या बायकोलाही त्यांनी बजावलं, "तुम्हाला त्यांचं सगळं कळतं, म्हणून ते मेहनत घेत नाहीत. परक्याला कळेल असं बोलले, तरच पुन्हा लिलावाला उभे राहतील. तुम्ही मधे पडू नका."

बायकोने ओठ घट्ट मिटले. तिला हे माझ्या कामापेक्षा जड गेलं.

एकदा मेहुणे भेटायला आले. मालक दाट सूप पीत होते. मेहुण्यांनी मालकांच्या लाडक्या आरामखुर्चीवरून हात फिरवला. "दाजी, ही मी नेऊ का? तुम्ही हल्ली पलंगावरच असता."

मालकांनी घोट घेतला आणि शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली केली.

"बघ ताई, दाजी हो म्हणाले," असं म्हणून मेहुण्यांनी खुर्ची उचललीसुद्धा.

मान हलली की सौदा पक्का, हे लिलाववाल्याला कोणी सांगायला नको. मालकांचे डोळे पांढरे झाले. पण तोंडात घोट होता. त्यांनी गिळलं. खोकले. खुर्ची दारापाशी पोचली. पुन्हा गिळलं. बायको हातातला टॉवेल पिळत गप्प उभी होती. मग शेजारच्या अर्ध्या जिभेने मला ओढलं आणि आम्ही दोघींनी जीव खाऊन टाळू गाठला.

"ठेव. ती. खाली."

मेहुण्यांनी खुर्ची ठेवली. "ठेवतो, दाजी. त्यात एवढं ओरडायचं काय?"

बायकोने टॉवेलने डोळे पुसले. "झाले सुरू पुन्हा," ती म्हणाली आणि हसत सुटली.

तेव्हा मित्रांनो, कोणी अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा, आत आमची ओढाताण चाललेली असते. आणि तोवर त्याच्या खुर्चीला हात लावू नका.